हेडली पास्को आणि एक घर सरकलेला रस्ता

विद्यापीठात असताना आम्हांला असे शिकवण्यात आले होते की, स्थावर मालमत्तेचा कायदा हा वकिलीतला सर्वांत निर्धोक प्रांत होय. अशील पळून जातो, साक्षीदार फिरतो, आरोपी परागंदा होतो. जमीन मात्र जिथल्या तिथे असते. हे शिकवणारे प्राध्यापक मेलबर्नच्या बाहेर कधी पडले नसावेत. मी यारंबीलमध्ये पंचवीस वर्षे वकिली केली आहे आणि जमीन पळालेली माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. एक अख्खा रस्ता घरादारांसकट, टोमॅटोच्या वाफ्यांसकट एक घर पुढे सरकला होता, आणि दोन पिढ्या त्याचा कुणाला पत्ता नव्हता. त्याच रस्त्याच्या शेवटच्या घरात गावातला दुसरा वकील राहत होता. आमच्या व्यवसायाची काय अवस्था आहे, हे यावरून ज्याचे त्याने ओळखावे.

त्या दुसऱ्या वकिलाचे नाव हेडली पास्को. त्याचे कार्यालय माझ्या कार्यालयाच्या बरोबर समोर, पाववाल्याच्या माडीवर. बारा महिने अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे आणि बहिणीने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर हा त्याचा वेश. माझ्या भिंतीवर सन्मानासह मिळालेली पदवी टांगलेली आहे. त्याच्या भिंतीवर मेंढ्यांच्या प्रदर्शनातली एक फीत आहे, तीही दुसऱ्या कुणाच्या तरी मेंढीला मिळालेली. तरीही घर विकायचे असले की गावातला माणूस रस्ता ओलांडून त्याच्याकडे जात असे. खरेदीदार, जे बहुधा बाहेरगावचे असत, तेवढे माझ्या वाट्याला येत. त्यामुळे हेडलीने केलेला करार वाचणे हा माझ्या पोटापाण्याचा भाग झाला होता, आणि पोट बिघडण्याचाही.

कारण हेडली अशिलाचे बोलणे ऐकत असे. वकिलाने अशिलाचे ऐकावे, पण निवडून ऐकावे. हेडली निवडत नसे. स्वयंपाकघरात चहा पिता पिता अशील जे काही बोलेल ते सगळे तो करारात ‘विशेष अटी’ म्हणून उतरवी. ‘खरेदीदाराने पिवळ्या कोंबडीस तिच्या नावाने हाक मारावी.’ ‘शेजारच्या बर्टला ऐकू कमी येते, हे खरेदीदाराने मनावर घेऊ नये.’ अशा अटींना मी कायद्याच्या भाषेत हरकत घेई. मग हेडली स्वतः रस्ता ओलांडून माझ्यासमोर येऊन बसे.

“अगं इमोजेन, कोंबडीच्या अटीत वाईट काय आहे?”

“तिची अंमलबजावणी कशी करणार, हेडली? कोंबडी कोर्टात येणार आहे का?”

“तिला कशाला त्रास? मी जाईन ना.”

आणि तो खरोखरच गेला असता. हेडलीला ओळखायचे तर ही एक गोष्ट पुरे. त्याने आयुष्यात कुठलाही हक्क, कितीही क्षुल्लक असो, सोडून दिलेला नव्हता. स्वतःचा नाही आणि अशिलाचाही नाही.

त्यातला सर्वांत गाजलेला हक्क म्हणजे मटणाचे ताट. आमच्या बोलिंग क्लबात (हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचा खेळ) दर शुक्रवारी सोडत निघते आणि जिंकणाऱ्याला चॉप्स, सॉसेज आणि रोस्टचा एक मोठा तुकडा असे ताट मिळते. नियम एकच: नाव पुकारले जाईल तेव्हा विजेता सभागृहात हजर पाहिजे. काही वर्षांपूर्वी हेडलीचा नंबर लागला, त्या वेळी तो हातात पाय घेऊन (पाय म्हणजे ‘मीट पाय’, मटण भरलेला खाण्याचा पदार्थ) दारातून आत येत होता. एक पाऊल उंबरठ्यावर, दुसरे पायपुसण्यावर. क्लबच्या अध्यक्ष नोरीन टिकल यांनी तो बाहेर असल्याचा निर्णय देऊन ताट दुसऱ्याला दिले. उंबरठा हा इमारतीचा अविभाज्य भाग असतो, असे प्रतिपादन करणारी लांबलचक नोटीस हेडलीने पाठवली. नोरीनबाईंनी ती सूचनाफलकावर लावली आणि हेडलीला क्लबात येण्यास कायमची बंदी केली. त्याचे घर क्लबच्या कुंपणाला लागून होते, त्यामुळे दर शुक्रवारी सोडतीचे नंबर त्याला परसात उभे राहून ऐकू येत. तो ते ऐकत असे, आणि दर वर्षी त्या नोटिशीची एक स्मरणपत्रवजा प्रत क्लबकडे जात असे.

आता डल्सीबाईंकडे येते. डल्सी रॅटक्लिफ हेडलीच्या शेजारी राहत. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि पोर्टलँडला समुद्राकाठी राहणारी त्यांची बहीण मर्टल त्यांना सारखी बोलावत होती. मर्टल जिथे राहत असे तिथेच तिच्या लगतची सदनिका रिकामी झाली. व्यवस्थापकाने ती महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली. त्यानंतर ती एका निवृत्त दंतवैद्याला मिळणार होती. मर्टलने फोनवर निक्षून सांगितले होते, “दातांच्या डॉक्टरच्या शेजारी मी मरेपर्यंत राहणार नाही. तू लवकर ये!” म्हणून डल्सीबाईंनी घर विकायला काढले. दोघी बहिणी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणार होत्या आणि भिंतीवर टकटक करून एकमेकींना चहाला बोलावणार होत्या. त्या टकटकीच्या खुणाही ठरल्या होत्या.

शनिवारी डल्सीबाईंच्या अंगणात लिलाव झाला. आमच्याकडे घराचा लिलाव अंगणातच होतो आणि खरेदीशी काडीचाही संबंध नसलेले सगळे शेजारी आत जाऊन कपाटे उघडून पाहतात. त्या रस्त्याला घरे चारच. पहिल्या घरातला क्लॅरी बंटिंग सॉसेज भाजायला उभा होता. दुसऱ्या घरातल्या कार्मेन व्हेलाबाई, माल्टाहून लहानपणी आलेल्या, न्हाणीघराच्या फरशा पाहून मोठ्याने हळहळत होत्या. तिसरे घर डल्सीबाईंचे. चौथ्या घरातला हेडली विक्रेतीचा वकील म्हणून पांढऱ्या मोज्यांत उभा होता. टॅमसिन कीघ्ली नावाच्या तरुण मुलीने घर घेतले. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिला परसात कुत्र्यांसाठी खोली बांधायची होती. ती माझी अशील.

परसात बांधकाम करायचे असेल तर आधी मोजणी करून घ्यावी, असा सल्ला मी तिला दिला. कुठल्याही शहाण्या वकिलाने हेच सांगितले असते. हे मी मुद्दाम नमूद करते, कारण पुढे जे घडले त्याला मी जबाबदार आहे असे या गावात आजही मानले जाते.

मोजणीदार आला. त्याने एक खुंटी व्हेलाबाईंच्या टोमॅटोत ठोकली. मग नकाशा पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. दुसरी खुंटी त्याने डल्सीबाईंच्या कपडे वाळत घालायच्या दांड्याखाली ठोकली. तिसरी हेडलीच्या पायरीशी. मग तो क्लबच्या हिरवळीकडे बघत उभा राहिला.

“काय झालं?” मी विचारले.

“बाई, हे घर इथं नाहीये,” तो म्हणाला.

प्रकार असा होता. रस्त्यावर भूखंड पाच. ओढ्याकडचा पहिला मोकळा. तिथे सगळे जण कापलेले गवत टाकत. पाचव्याच्या पलीकडे क्लब. कागदोपत्री पहिला भूखंड क्लॅरीचा, दुसरा व्हेलाबाईंचा, तिसरा डल्सीबाईंचा, चौथा हेडलीचा आणि पाचवा क्लबचा. प्रत्यक्षात पहिला भूखंड मोकळा राहून सगळ्यांची घरे एकेक भूखंड पुढे उभी होती. क्लॅरी व्हेलाबाईंच्या जमिनीवर राहत होता, व्हेलाबाई डल्सीबाईंच्या, डल्सीबाई हेडलीच्या, आणि स्वतः हेडली पास्को, वकील, क्लबच्या. आमच्याकडे सरकारी नोंद सांगेल तो मालक. घर कुणी बांधले, भाज्या कुणी लावल्या, याच्याशी तिला कर्तव्य नसते. या रस्त्यावरच्या प्रत्येक खरेदीचे कागद हेडलीने केले होते. दर वेळी तो अशिलाला घेऊन कुंपणाकडे बोट दाखवी आणि म्हणे, “हे सगळं तुमचं.”

हे झाले कसे, त्याचा खुलासा क्लॅरीने केला, आणि तोही अभिमानाने.

“आमचे बाबा सांगायचे ना! घरं बांधायच्या आधी सगळं गाव इथं नाताळचं क्रिकेट खेळायचं. सर्वेवाल्याच्या खुंट्या आयत्याच होत्या, त्याच स्टंप म्हणून घेतल्या. बाबांनी काय बोलिंग टाकली होती त्या दिवशी!”

“आणि खेळ संपल्यावर खुंट्या परत रोवल्या?”

“रोवल्या की. आम्ही काय चोर आहोत?”

रोवल्या होत्या, एका भूखंडाच्या अंतराने. मग घरे बांधणाऱ्यांनी त्या खुंट्यांवर विश्वास ठेवला, आणि पुढे सर्वांनी घरांवर.

सुसंस्कृत समाजात अशा वेळी लोक शांतपणे आपापल्या वकिलाकडे जातात. आमच्या या सरकलेल्या टॅनरी रस्त्यावर लोक एकमेकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेलाबाई क्लॅरीच्या स्वयंपाकघरात हजर झाल्या.

“क्लॅरी, हा माझा ओटा आहे. पूस जरा.”

“तुमचा? मी बांधलाय तो!”

“जमीन माझी, तर ओटाही माझा. इमोजेनबाईंना विचार. आणि ते पडदे काढ, माझ्या घरात असले पडदे नको मला.”

दुर्दैवाने कायदा त्यांच्या बाजूने होता. जमिनीला पक्के जोडलेले ते जमिनीबरोबर जाते. पडद्यांबद्दल मतभेद आहेत. क्लॅरीला हुकूम सोडायला मागे कुणीच नव्हते, फक्त गवताचा ढीग, म्हणून तो चिडून ओढ्याकाठी जाऊन बसे. डल्सीबाई स्वभावाने गरीब, पण त्यांनीही व्हेलाबाईंच्या झाडाची लिंबे तोडताना प्रथमच परवानगी विचारली नाही. रस्त्यात एका बाजूच्या शेजाऱ्याचा मालक आणि दुसऱ्या बाजूच्याचा भाडेकरू अशी प्रत्येकाची दुहेरी अवस्था झाली होती. एकाच माणसाने डावीकडे पाहताना छाती फुगवायची आणि उजवीकडे पाहताना मान खाली घालायची, असे दृश्य मी रोज पाहत होते.

हेडली तेवढा कुणावर मालकी गाजवत नव्हता. डल्सीबाईंच्या दारात तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“डल्सी, तुमच्या घराचा मालक मी निघालो. माफ करा.”

“अरे, बस आधी. केक खातोस का?”

“तुमचा पन्हळ गळतोय. मालकानं बघायला हवं होतं. माझंच चुकलं.”

आणि तो शिडी आणायला गेला.

इतक्यात टॅमसिन माझ्या कार्यालयात आली. ती हुशार मुलगी होती, आणि हुशार अशिलाइतका वकिलाला दुसरा धोका नसतो.

“म्हणजे करारात जो तिसरा भूखंड लिहिलाय, त्यावर व्हेलाबाईंचं घर आहे?”

“हो.”

“नवं स्वयंपाकघर असलेलं? द्राक्षांचा मांडव असलेलं?”

“हो.”

“मग मी खरं म्हणजे ते घर घेतलंय?”

ती चूक दुरुस्त करून घेता येते, लिलावाच्या दिवशी तू ज्या घरात उभी होतीस तेच तू घेतलेस असे कुठलेही न्यायालय म्हणेल, हे मी तिला रीतसर समजावले. तिने मान डोलावली, पण जाताना मांडवाकडे नजर टाकायला ती गेलीच. व्हेलाबाईंनी तिला खिडकीतून पाहिले आणि दाराला आतून खुर्ची लावली.

सर्वांना डल्सीबाईंच्या स्वयंपाकघरात बोलावण्यात आले. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला, कारण आमच्याकडे भांडायलाही रिकाम्या हाताने कुणी जात नाही. तिथे मी कायदा मांडला. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, बिनतक्रार, मालकाच्या थाटात पंधरा वर्षे राहिलेला माणूस तिचा मालक होऊ शकतो. याला प्रतिकूल ताबा म्हणतात.

“प्रतिकूल कुठं?” डल्सीबाई म्हणाल्या. “मला तर इथं चांगलंच अनुकूल होतं.”

त्या मार्गाने सगळ्यांना आपापली घरे मिळतील. पण अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि चौकशी यांत वर्ष उलटून जाईल, असे मी सांगितले. डल्सीबाईंच्या हातातली सुरी केकवर तशीच थांबली. महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. घराचा व्यवहार पूर्ण झाला नाही तर समुद्राकाठची सदनिका दंतवैद्याची.

“मर्टल भिंतीवर टकटक करेल,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि तो माणूस तिला तोंड उघडायला सांगेल.”

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. प्रत्येकाने आपली जमीन मागच्या शेजाऱ्याला लिहून द्यायची आणि पुढच्याची स्वतः घ्यायची. सगळ्या सह्या एकाच वेळी. हेडलीला पाचवा भूखंड क्लबने द्यायचा आणि मोबदल्यात क्लॅरीचा मोकळा पहिला भूखंड क्लबने घ्यायचा. कुणाच्याही घरावर बँकेचा बोजा नव्हता, हे या प्रकरणातले एकमेव सुदैव. क्लॅरी कुरकुरत तयार झाला, व्हेलाबाई पडद्यांवरचा दावा सोडायला तयार झाल्या. राहता राहिला क्लब.

हेडलीला क्लबात बंदी असल्याने मीच गेले. नोरीनबाई पांढऱ्या गणवेशात हिरवळीवर वाकून चेंडू टाकण्याच्या बेतात होत्या. मी सगळे समजावले. हेही सांगितले की, नाही म्हटलेत तर वर्षभराने हेडली प्रतिकूल ताब्याने ही जमीन मिळवेल आणि तुम्हांला मोबदल्यात काहीही मिळणार नाही.

“मिळवू दे,” त्या चेंडूवरची नजर न काढता म्हणाल्या. “वर्षभर तरी त्याच्या छपराचे मालक आम्ही. आणि सही हवी असेल तर त्याला सांग, मटणाच्या ताटाचा दावा लेखी मागे घे. सभागृहात, सगळ्यांसमोर. म्हण, की मी बाहेर होतो.”

मी निरोप पोचवला. हेडली पायरीवर बसून मोजे ओढत होता.

“इमोजेन, मी बाहेर नव्हतो.”

“हेडली, सॉसेज होते ते! केव्हाच संपले!”

“मी उंबरठ्यावर होतो. खोटं कसं लिहून देऊ? उद्या डल्सीच्या खरेदीखतावर माझी सही असेल. ज्या हातानं ते खोटं लिहायचं, त्याच हातानं ही सही करायची?”

या प्रश्नाचा मला मनस्वी राग आला. पण पुढे तो जे बोलला ते त्याहून भयंकर होते.

“क्लबला मध्ये घ्यायचंच कशाला? क्लॅरीचा मोकळा भूखंड मीच घेतो ना. म्हणजे साखळी पुरी होते. डल्सीला तिचं घर, डल्सीकडून टॅमसिनला. महिनाअखेर डल्सी समुद्रावर.”

“आणि तू?”

“माझ्याकडे ओढ्याकाठची जागा. छान गवत आहे तिथं.”

“तुझं घर क्लबचं होईल!”

“ते आत्ताही क्लबचंच आहे.”

“मग निदान प्रतिकूल ताब्याचा अर्ज कर.”

“मग माझ्याकडे दोन जागा होतील. ते बरं दिसत नाही.”

या माणसाने कोंबडीचा हक्क सोडला नव्हता. मटणाचा सोडला नव्हता. आणि राहते घर तो शेजारणीच्या चहाच्या भिंतीसाठी सोडायला निघाला होता. हा मूर्खपणा होता असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. डल्सीबाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मी जातच नाही!” आणि त्यांनी बांधलेल्या बशा पुन्हा कपाटात लावायला घेतल्या. हेडलीने त्या बशा पुन्हा काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या. त्या लावत होत्या, तो काढत होता. असा दुपारभर तो कायदेशीर पेच चालला. शेवटी हेडलीने उरलेला केक एकट्याने संपवायची धमकी दिली, तेव्हा त्या थांबल्या. “पण सही होईपर्यंत मी गाडीत बसणार नाही,” असे त्यांनी बजावले.

आता क्लबशी रीतसर भाडेकरू-मालक अशी व्यवस्था व्हावी म्हणून हेडलीने नोरीनबाईंना एक पत्र लिहिले. मी शपथेवर सांगते, त्यात धमकी नव्हती. हेडलीला धमकी देता येत नाही. तो फक्त सौजन्याने वागतो, आणि ते जास्त भयंकर असते. ‘सन्माननीय मालक’ अशी सुरुवात करून त्याने घराची स्थिती कळवली होती. छपरात पॉसम या खारीसारख्या प्राण्यांचे एक कुटुंब राहते. ते पोटभाडेकरू धरायचे की पाहुणे, हे मालकाने कळवावे. स्वयंपाकघराची जमीन उतरती असल्याने अंडी रात्रीतून शेगडीखाली जातात. ती परत काढण्याची जबाबदारी कुणाची, हेही कळवावे. दर सोमवारी मी दुरुस्तीची यादी घेऊन येत जाईन. आणि शेवटी, क्लबच्या घटनेप्रमाणे क्लबच्या जमिनीवर वास्तव्य असणाऱ्यास कार्यकारी समितीच्या प्रत्येक बैठकीत बसण्याचा व बोलण्याचा अधिकार असल्याने, पुढच्या बैठकीची वेळ कृपया कळवावी. बिस्किटे मी आणीन.

हा नियम पूर्वी हिरवळ सांभाळणाऱ्या माळ्यासाठी केलेला होता. क्लबची घटना हेडलीनेच लिहिली होती, अर्थातच माळ्याने जे जे सांगितले ते सगळे ऐकून.

शुक्रवारी, म्हणजे ज्या दिवशी सह्या व्हायच्या त्याच दिवशी, नोरीनबाई ते पत्र घेऊन माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गणवेशाला जुळत होता.

“प्रत्येक बैठकीत?”

“प्रत्येक.”

“आणि बोलण्याचा अधिकार?”

“कालमर्यादा घातलेली नाही.”

“बंदी आहे ना त्याला!”

“ती सभासदावर आहे. हा आता तुमचा रहिवासी.”

त्या खुर्चीत बसल्या. “मागं एकदा गवताच्या उंचीवर तो किती बोलला होता, आठवतं तुला? दोघं जण मध्येच उठून घरी गेले, जेवून परत आले, तरी हा उंचीवरच.”

“आठवतं. मी त्या दोघांपैकी एक होते.”

“आम्हांला तो ओढ्याकडचा भूखंड चालेल,” नोरीनबाई म्हणाल्या. “गाड्या लावू तिथं. त्याला त्याचं घर देऊन टाक. ताटाचा दावा राहू दे तसाच. सही कुठं करायची?”

इथे प्रकरण संपायला हवे होते. डल्सीबाई दाराबाहेर भरलेल्या गाडीपाशी उभ्या होत्या, टॅमसिनचे पैसे तयार होते, मी कागद मांडले होते. पण हेडलीने क्लबच्या अदलाबदल-पत्रात एक विशेष अट घातली होती: ‘क्लबच्या सभागृहाचा उंबरठा सभागृहाच्या आतच धरला जाईल.’

नोरीनबाईंनी पेन खाली ठेवले.

“हेडली,” मी म्हणाले, आणि पंचवीस वर्षांचे सगळे त्या एका शब्दात घातले.

“मी त्यांना चूक म्हणायला लावत नाही, इमोजेन. फक्त हद्द ठरवतोय. आज सगळ्यांच्याच हद्दी ठरताहेत ना?”

नोरीनबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. “उंबरठा आत,” त्या सावकाश म्हणाल्या. “पायपुसणं बाहेर.”

हेडलीने डोळे मिटून विचार केला. घड्याळाकडे पाहायचे मी कटाक्षाने टाळले. बाहेर डल्सीबाईंनी गाडीच्या खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवून पाहिला.

“एक पाय आत होता, एवढं तरी त्यातून निघतं,” तो म्हणाला. “मान्य.”

सह्या झाल्या. मी संगणकावर नोंदणीची कळ दाबली आणि सर्व जमिनी एकाच वेळी आपापल्या घरांखाली परत आल्या. एवढे अचूक काम या गावात पूर्वी झालेले नाही. माझे आभार मानायचे कुणाला सुचले नाही, क्लॅरीने फक्त विचारले, “आता माझे पडदे माझेच ना?”

डल्सीबाईंना निरोप द्यायला ओढ्याकडच्या त्या मोकळ्या जागेवर सगळे जमले. जागा आता क्लबची, म्हणून क्लबनेच शेगडी आणली. आणि नोरीनबाई एक ताट घेऊन आल्या. चॉप्स, सॉसेज, रोस्टचा तुकडा. त्यांनी ते हेडलीच्या हातात दिले. हेडलीने ते निरखून पाहिले आणि तसेच्या तसे डल्सीबाईंच्या गाडीतल्या थंड पेटीत ठेवले.

“दोघी मिळून खा. रोस्ट मर्टलला द्या. सॉसेजचं कुणी विचारलं तर सांगा, वादग्रस्त होते.”

डल्सीबाईंनी त्याचा गाल ओढला आणि त्या गाडीत बसल्या. पण लगेच निघाल्या नाहीत, कारण तोवर क्रिकेट सुरू झाले होते. क्लॅरी गोलंदाजीला, व्हेलाबाई स्टंपांमागे, नोरीनबाई पंच, आणि फलंदाजीला पांढऱ्या मोज्यांत हेडली. पहिलाच चेंडू मारायला तो पुढे सरसावला, चुकला, आणि व्हेलाबाईंनी दोन्ही हातांनी चेंडू स्टंपावर आपटला.

“बाद!” नोरीनबाई ओरडल्या, जितक्या आनंदाने पंचाने ओरडू नये तितक्या.

“बाद कसा? माझा पाय रेषेवर होता!”

“रेषेवर म्हणजे बाहेर, हेडली! क्रिकेटमध्ये उंबरठा बाहेर!”

“हे कुठं लिहिलंय?”

मी मात्र स्टंपांकडे पाहत होते. तीन नव्याकोऱ्या लाकडी खुंट्या, डोक्याला गुलाबी रंग लावलेल्या.

“क्लॅरी,” मी विचारले, “हे स्टंप कुठून आणलेस?”

“इथूनच. कुणीतरी सगळीकडे रोवून ठेवलेत, नुसते वाया चालले होते. काळजी करू नका, खेळ झाला की परत रोवतो.”

डल्सीबाईंनी काचेतून हात हलवला आणि गाडी समुद्राच्या रस्त्याला लावली. वळणावरून त्यांनी मागे पाहिले असेल तर त्यांना हेडली दिसला असेल: एक पाय रेषेवर ठेवून, बॅट काखेत धरून, पंचाला नियम समजावून सांगत असलेला. मी मोजणीदाराचा नंबर शोधत होते.